घोंगड्याला लागणारी काळी लोकर आता का मिळत नाही?

खपली_गहू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारते.

आमच्या आजोबांचं एक काळं घोंगडं घरात आहे. आटपाडीच्या बाजारातून घेतलेलं, चाळीस वर्षं तरी झाली असतील. पावसात त्याची खोळ करून आजोबा रानात जायचे, थंडीत तेच अंथरायचं, खळ्यावर त्याच्यावरच धान्य वाळायचं. यंदा उंदरानं कोपरा कुरतडला म्हणून नवीन घ्यायला निघाले, आणि तिथून हा सगळा शोध सुरू झाला.

पहिलं घेतलं ते एका प्रदर्शनातून. छान मऊ, काळंभोर. आठ दिवसांत मानेला आणि उशीच्या अभ्र्याला काळं लागलं. एक धागा उपसून काडी लावली, तर त्याचा टणक मणी झाला आणि प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास सुटला. आजोबांच्या घोंगड्याचा धागा जाळून बघितला. केस जळाल्याचा वास आला आणि बोटात चुरगळणारी राख उरली.

मग विचारत विचारत एका सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या, आजोबांपर्यंत पोहोचले. खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग) अजून आहे, हातही चालतो. ते म्हणाले, "लोकर आणून द्या, विणून देतो. पण तसली लोकर आणणार कुठनं? मेंढीच बदलली."

मेंढी बदलली म्हणजे नक्की काय? लोकर कातरली की परत येतेच ना? मग ती गेली कुठे?

सांजवात

माझ्या माहेरीही असंच घोंगडं होतं. वाचतेय.

माणदेशी_वारा

ताई, तुमच्या सणगर आजोबांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. मी धनगराचा पोरगा, सध्या शाळेवर शिक्षक, पण वडिलांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, अजून चालू आहे. आमच्याच घरात काय झालं ते सांगतो.

माझा आजा मेंढा निवडायचा तेव्हा मी लहान होतो, पण ते डोळ्यांसमोर आहे. मेंढ्याला दोन गुडघ्यांत धरायचा, खांद्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवायचा आणि आत फुंकर मारायचा. कातडीपर्यंत काळी आहे का, मध्ये पांढरे ताठ केस किती, हे बघायचा. मग हात पोटाखाली घालायचा. लोकर पोटावर उतरलेली पाहिजे, मांड्या झाकलेल्या पाहिजेत. शेवटी पाय आणि खूर. वर्षभर शेकडो कोस चालायचं जनावर. वजनाचा विषय कधी निघाला नाही.

वडिलांच्या हातात कळप आला तोवर बाजार फिरला होता. गिऱ्हाईक खाटकाचं. तो लोकर बघत नाही, मागच्या पुठ्ठ्यावर, मांडीच्या मांसावर, हात दाबून बघतो. मग आमच्यात माडग्याळी मेंढा आला. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून त्या जातीला नाव पडलंय. उंच, लांब कानाचा, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. राजबिंडं जनावर, खोटं कशाला बोलू. पण अंगावर लोकर म्हणावी अशी नाही, केसच.

आता हिशोब बघा. एका मेंढ्यामागं तीस-एक मेंढ्या. त्याच्या पहिल्या कोकरांत माडग्याळी रक्त सोळातले आठ आणे. त्यातल्या माद्या ठेवल्या आणि परत माडग्याळीच मेंढा सोडला की बारा आणे. तिसऱ्या पिढीला चौदा आणे. मेंढी दीड-दोन वर्षांत विते, म्हणजे पाच-सहा वर्षांत काळी लोकर दोन आण्यांवर आली. कुणी मारली नाही, कुणी विकली नाही, डोळ्यांदेखत गेली.

कोपरगावची_कमल

आठ आणे, बारा आणे, चौदा आणे! शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर आनुवंशिकता तेव्हाच कळली असती.

पशुवैद्य_निवृत्त

माणदेशी यांचा हिशोब शास्त्राला धरून आहे. थोडी भर घालतो.

आपली दख्खनी मेंढी ही एकच एक नाही. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी म्हणजे सांगोल्याकडची, आणि कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार मानले जातात. लोकर कमी, वर्षाच्या दोन कातरण्या मिळून मेंढीमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो, आणि ती भरड. तिचा स्वेटर होत नाही. पण भरड आहे म्हणूनच घोंगड्याला ती लागते. जाड तंतू दाबाने बसत नाही, वर्षानुवर्षे झिजत नाही, आणि लोकरीवरच्या मेणामुळे पावसाचं पाणी वरून ओघळून जातं. खपली ताईंच्या आजोबांची खोळ कोरडी राहायची ती त्यामुळे.

लोकर आणि केस यांतला फरकही समजून घ्या. लोकरीचा तंतू आतून भरीव, नागमोडी, आणि त्यावर खवले असतात. खवले एकमेकांत अडकतात म्हणून पीळ टिकतो. केसाचा तंतू सरळ आणि बहुधा आतून पोकळ. संकरित मेंढीच्या लोकरीत केसांचं प्रमाण वाढलं की चरख्यावर धागा सुटून येतो. सणगर मंडळी "लोकर हाताला लागत नाही" म्हणतात ते हेच.

आणखी एक. लोकरीचा जाडपणा, लांबी, वजन हे गुण पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतात. म्हणजे निवड करून ते चटकन वाढवता येतात, तसेच चटकन घालवताही येतात.

रोकडा_हिशोब

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मेंढपाळानं मटणाचा मेंढा निवडला यात त्याचं काय चुकलं? कोकरू विकून पोरांची फी भरते. लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही. शहरातल्या माणसाला घोंगडं पाहिजे म्हणून धनगरानं कमी वजनाची मेंढी पाळायची का? घोंगड्यावर प्रेम असेल तर लोकरीला भाव द्या, नाहीतर जुनं घोंगडं रफू करा.

माणदेशी_वारा

दादा, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या वडिलांचंही अगदी हेच म्हणणं. गेल्या साली आमच्याकडं कातरणावळ जास्त आणि लोकरीचे पैसे कमी असा मेळ बसला. शेवटी दोन पोती लोकर बांधाच्या कडेला पडून राहिली. चिलारीच्या काट्यांत अडकून वाऱ्यावर उडत होती. आजा असता तर त्या दिवशी जेवला नसता.

पण एक गोष्ट मटणाच्या हिशोबात येत नाही. मोठं जनावर खातं जास्त. आमचा वाडा दिवाळीनंतर खाली उतरतो आणि पावसाआधी परत माणदेशात येतो. वाटेत चारा मिळेल तेवढाच. आजाची काळी मेंढी वाळल्या कुसळावर निघायची आणि थंडीच्या रात्री उघड्या रानात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसायची. माडग्याळीला घरचा खुराक लागतो. बांधून पाळणाऱ्याला ती उत्तम, फिरणाऱ्याला जड. हे माझं घरचं बघितलेलं सांगतो, सगळ्यांचं तसंच असेल असं नाही.

वॅगा_वॅगाकर

ऑस्ट्रेलियातून राम राम. मूळ सांगोल्याचा, इथं न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्यांच्या मुलखात राहतो. धागा वाचून राहवलं नाही.

इथं नेमकी उलटी गत आहे. मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीच्या पांढऱ्या कळपात अधूनमधून एखादं काळं कोकरू जन्मतं. आईबाप दोघं पांढरे, पण काळेपणा दोघांत लपलेला असतो. ते कोकरू वेगळं काढतात, कारण पांढऱ्या गठ्ठ्यात चार काळे तंतू गेले तरी कापड फिकट रंगात रंगवता येत नाही आणि भाव पडतो. ज्या काळ्या लोकरीसाठी आमच्या गावात मेंढा निवडायचे, ती इथं दोष ठरते.

निवड चुकली की काय होतं त्याचाही धडा इथंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या व्हरमाँटहून सुरकुतलेल्या कातडीचे मेरिनो मेंढे आणले. कल्पना अशी की कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त. झालं काय, तर त्या सुरकुत्यांत घाण आणि ओल साचायची, माश्या अंडी घालायच्या, अळ्या जिवंत जनावर पोखरायच्या. कातरतानाही कातडी कापली जायची. ते टाळायला शेपटीखालची कातडी कापून काढण्याची पद्धत आली, आणि तिच्यावरून आजही वाद चालू आहे. आता लोक परत साध्या, बिनसुरकुत्यांच्या मेंढ्या निवडू लागलेत. शंभर वर्षांपूर्वीची हौस अजून फेडतोय.

सांजवात

बाप रे, वाचूनच अंगावर काटा आला. एक विचारू? मेंढी कातरलीच नाही तर काय होतं? रानमेंढ्यांना कोण कातरत असेल?

वॅगा_वॅगाकर

रानमेंढ्यांची लोकर दर वर्षी आपोआप गळते. माणसानं हजारो वर्षं न गळणाऱ्या मेंढ्या निवडत नेल्या, कारण गळलेली लोकर काट्याकुट्यांत जाते. त्यामुळे मेरिनोची लोकर थांबतच नाही. २०१५ मध्ये कॅनबेराजवळ एक चुकलेली मेंढी सापडली. तिची लोकर उतरवली ती ४१.१ किलो भरली. तिला धड चालताही येत नव्हतं. म्हणून मला वाटतं, कातरणं ही आपण त्या जनावराची पत्करलेली जबाबदारी आहे. ती आपणच तिच्या अंगावर चढवली.

कोपरगावची_कमल

एक्केचाळीस किलो! आमच्या धाकट्याचं वजन अडतीस आहे. आता त्याला मेंढीचं उदाहरण देऊन जेवायला बसवते.

माणदेशी_वारा

आमच्याकडचं कातरणं सांगतो, कारण खपली ताईंनी विचारलंय की कातरली की परत येतेच ना. येते, पण कशी कातरली यावरही बरंच अवलंबून.

पूर्वी भादरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवायची. दोघंजण कमरेइतक्या पाण्यात उभे, तिसरा एकेक मेंढरू आत ढकलतो, लोकर पिळून पिळून माती काढायची. मग दिवस दोन दिवस गवताळ माळावर वाळू द्यायची, धुळीत बसू द्यायचं नाही. काम सावडीनं चालायचं. आज आमच्या वाड्यावर, उद्या त्यांच्या. जेवण मालकाचं. कातर दोन्ही पात्यांची, मागं वाकवलेली, हातात दाबली की मिटते, सोडली की उघडते. तिचा "खरखर खरखर" आवाज आणि मध्येच कोकराचं ओरडणं, एवढंच माळावर ऐकू यायचं. पाय बांधून मेंढी कुशीवर टाकायची. चांगला कातरणारा पोटापासून सुरू करायचा आणि एका जागी दोनदा कातर फिरवायचा नाही. दोनदा फिरवली की बारीक तुकडे पडतात आणि ते सुतात टिकत नाहीत.

कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती वेगळी ठेवायची. जावळाचं घोंगडं लेकीबाळीला नाहीतर बाळंतिणीला.

आता ओढ्याला पाणी नाही, सावड मोडली, बाहेरचा माणूस येतो तो मेंढरामागं पैसे ठरवून कातरतो. माती, काटे, लेंड्या, काळी-पांढरी सगळी एका पोत्यात. असल्या पोत्याला कोण भाव देईल? भाव नाही म्हणून नीट कातरत नाही, नीट कातरत नाही म्हणून भाव नाही.

वॅगा_वॅगाकर

"दोनदा कातर फिरवायची नाही" हे वाचून अंगावर शहारा आला दादा. इथल्या शेडमध्ये नवशिक्याला पहिला नियम हाच सांगतात. आणि पोटापासूनच सुरुवात. पोटाची लोकर मळकी, ती आधी काढून बाजूला टाकतात, मग अंगाची लोकर एका अख्ख्या गोधडीसारखी उतरते. ती जाळीच्या टेबलावर पसरतात आणि कडेची मळकी तोडून प्रत लावतात. फरक एवढाच की मेंढीचे पाय बांधत नाहीत. तिला बुडावर बसवून पाठ कातरणाऱ्याच्या गुडघ्यांना टेकवतात. पायाखाली जमीन लागली नाही की ती धडपडत नाही. आदल्या रात्री उपाशी ठेवतात, नाहीतर भरल्या पोटी असं वाकवलं की तिला त्रास होतो.

हाताच्या कातरीचा इथला विक्रम जॅकी हाऊचा. १८९२ मध्ये क्वीन्सलँडला त्यानं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या.

रोकडा_हिशोब

३२१? म्हणजे मेंढीमागे दीड मिनिटसुद्धा नाही. माझी हजामत पाऊण तास चालते.

जतची_लेक

इतका वेळ सगळं मेंढ्या, मेंढपाळ आणि कातरणारे यांच्यावर चाललंय. सूत कोण कातत होतं?

माझी आजी. दिवसभर भाकरी, पाणी, कोकरं, आणि संध्याकाळी कंदिलाशी चरखा. एका घोंगड्याचं सूत कातायला तिला कितीतरी दिवस लागायचे आणि त्याचा पैसा वेगळा असा तिच्या हातात कधी पडला नाही. घोंगडं सणगराच्या नावानं विकलं जायचं, लोकर धनगराच्या. आईनं चरखा धरला, मी धरला नाही. मला कातता येतं, पण त्या मजुरीत मी कातणार नाही आणि माझ्या मुलीलाही सांगणार नाही.

खपली ताई, रागावून लिहिलेलं नाही. काळी लोकर परत आली तरी कातणारे हात पाहिजेत आणि त्या हातांना दाम पाहिजे, एवढंच म्हणायचंय. चांगली लोकर हातात आली की कळते मात्र. मेणानं बोटं मऊ पडतात आणि धागा आपणहून निघत राहतो. ती लोकर मी वीस वर्षांत हातात धरलेली नाही.

खपली_गहू

लेक ताई, मी हा विचारच केला नव्हता. सणगर आजोबांच्या घरीही आजी बाजूला बसून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावत होत्या. मी फोटो काढला तो आजोबांचा. चूक कळली.

पशुवैद्य_निवृत्त

आता थोडं आशेचं. "मेंढपाळाला पैसा की लोकर" यातलं एकच निवडायला हवं असं मला वाटत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जे केलं ते बघा. दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे, तिला जुळी-तिळी होतात. ते एका जनुकामुळे घडतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोहोचला आणि तिथल्या बुरूला नावाच्या मेरिनो मेंढ्यांत दिसू लागला. २००१ मध्ये तो नेमका ओळखता आला. फलटणच्या संस्थेनं तो दख्खनीत आणला आणि पिढ्यांमागून पिढ्या परत दख्खनीशी संकर करत गेले. म्हणजे रक्त बहुतांश दख्खनी, पण जुळं देणारी मेंढी. तिचं नाव नारी सुवर्णा. थेंबभर रक्त तपासून कोणत्या कोकरात तो जनुक आहे हे सांगता येतं.

मुद्दा असा की अंगानं मोठा मेंढा आणणं हा उत्पन्न वाढवायचा एकच रस्ता नाही. तीच काटक मेंढी ठेवून कोकरं वाढवता येतात. मात्र जुळी पोसायला आईला दूध पाहिजे आणि दुधाला चारा पाहिजे. पहिले काही आठवडे जुळ्यांकडे लक्ष द्यावं लागतं. ते जमणार नसेल तर नको.

रोकडा_हिशोब

डॉक्टरसाहेब, हे पटलं. पण नारी सुवर्णा काळीच असेल आणि तिची लोकर घोंगड्याची असेल असं आहे का?

पशुवैद्य_निवृत्त

तशी हमी कुणी देणार नाही. ती निवड जुळ्यांसाठी झाली. लोकरीसाठी मेंढा वेगळा बघूनच घ्यावा लागेल, माणदेशींच्या आजोबांसारखी फुंकर मारून. ज्या गुणाकडे डोळा ठेवाल तो वाढतो, दुसरे आपोआप सांभाळले जात नाहीत. इंग्लंडात अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेलनं आपल्या लेस्टर मेंढ्या लवकर मांस भराव्यात म्हणून निवडल्या, मेंढे हंगामापुरते भाड्यानं दिले आणि जात देशभर पसरवली. तिथंही लोकर मागच्या बाकावर बसली.

सांजवात

अवांतर: घरातल्या घोंगड्याला कसर लागलीय. धुवायचं कसं? कुणी म्हणतं गरम पाणी, कुणी म्हणतं मशिन.

जतची_लेक

गरम पाणी नको, मशिन तर नकोच, आवळून निम्मं होईल. थंड पाण्यात रिठा, हातानं दाबून. पिळायचं नाही. दगडावर पसरून निथळू द्यायचं, मग उन्हात. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. आणि एका दिवसात उरका, रात्रभर पाण्यात ठेवू नका.

कोपरगावची_कमल

म्हणजे भिजत घोंगडं ठेवू नका!

माणदेशी_वारा

मूळ प्रश्नावर परत येतो. हा धागा मी परवा रात्री आईला वाचून दाखवला. सगळा. जतच्या ताईंचं आलं तेव्हा ती म्हणाली, "परत वाच."

मग तिनं सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. कळपात अकरा मेंढ्या अजून आजाच्या रक्ताच्या आहेत. वडील माडग्याळी मेंढा सोडायचे तेव्हा ती त्यांना वेगळं चारायला न्यायची आणि तिच्या भावाच्या वाड्यावरचा काळा मेंढा लावून आणायची. दर दोन-तीन वर्षांनी मेंढा बदलायची, बाप-लेकीचा संबंध येऊ नये म्हणून. वडिलांना माहीत होतं, ते बोलले नाहीत. काल सकाळी मी जाऊन एकेकीची लोकर फाकवून बघितली. नऊ जणी कातडीपर्यंत काळ्या आहेत. दोघींच्या मांडीवर पांढरे केस.

खपली_गहू

दादा, वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा.

सणगर आजोबांशी बोलले. मोठ्या घोंगड्याला धुतलेली, पिंजलेली तीन किलो लोकर लागेल म्हणाले. म्हणजे तुमच्या नऊ जणींच्या एका कातरणीत भागणार नाही, दोन कातरण्या लागतील. मी थांबायला तयार आहे. लोकरीचे पैसे बाजारभावानं नाही, आई सांगतील त्या भावानं. लेक ताई, सूत तुम्ही कातणार असाल तर मजुरी तुम्ही ठरवा.

जतची_लेक

आधी लोकर बघते. बोटाला लागली तर कातते. दिवसाला शेतमजुरीइतकी घेईन, कमी नाही.

खपली_गहू

मान्य.

रोकडा_हिशोब

एक घोंगडं माझंही धरा. लहान चालेल. मागे काय बोललो ते लक्षात आहे, भाव देईन.

माणदेशी_वारा

कातरणी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, वाडा हलायच्या आधी. ज्यांना यायचंय त्यांनी मला निरोप पाठवा. ओढ्याला पाणी नाही, पण एक शेततळंवाले भाऊ टाकी भरून देतो म्हणालेत, त्यामुळे नऊ जणींना धुऊन घेऊ. काळी, पांढरी आणि पोटाची लोकर वेगवेगळी भरायची आहे. येताना सुती गोण्या आणा. प्लॅस्टिकची पोती नकोत, त्यांचे धागे लोकरीत जातात आणि मग विणताना निघत नाहीत.